विधी महाविद्यालय आणि कोर्टाची मराठी

संपादक महोदय,

विधी प्रवेशाचा हंगाम आला की सारी चर्चा राष्ट्रीय विधी विद्यापीठांभोवती फिरते. नागपुरातही तसे विद्यापीठ आहे आणि ते असावेच; परंतु अमरावती मार्गावरच्या ‘लॉ कॉलेज चौका’ला ज्याच्यामुळे हे नाव पडले, ते नागपूर विद्यापीठाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय या चर्चेत क्वचितच येते. विद्यापीठ १९२३ चे, आणि त्याचे हे महाविद्यालय १९२५ चे. पुढे सरन्यायाधीश झालेल्या मोहम्मद हिदायतुल्ला यांनी १९३५ ते १९४३ या काळात येथे अध्यापन केले. माजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांची कायद्याची पदवीही नागपूर विद्यापीठाचीच. अशी नावे आणखी सांगता येतील, पण माझा मुद्दा वेगळा आहे.

येथून पदवी घेणारे सगळेच काही उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे उभे राहत नाहीत. उमरेड, काटोल, रामटेक येथील न्यायालयांतही कोणाला तरी वकीलपत्र दाखल करावेच लागते. राज्य शासनाच्या २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनुसार जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, तर उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. म्हणजे वादपत्र आणि कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) मराठीत लिहिणाऱ्या वकिलालाच पुढे अपिलात इंग्रजी लागते. आपले विधी शिक्षण यातल्या दुसऱ्या पायरीची तयारी मनापासून करून घेते आणि पहिली पायरी विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडते. मराठीतून उत्तरपत्रिका लिहिण्याची मुभा असणे वेगळे आणि मनाई हुकुमाचा अर्ज मराठीत असा लिहिता येणे, की त्यातले एकही वाक्य उलटतपासात अंगावर येऊ नये, हे वेगळे.

विदर्भात तर हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. पूर्व विदर्भातली मालगुजारी, म्हणजे मालगुजारामार्फत गावाचा सारा वसूल करण्याची पद्धत, १९५१ साली संपली, तरी गावाचा तलाव, चराईची जमीन किंवा जळाऊ लाकूड यांवरील हक्काचा वाद आला की निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावकऱ्यांच्या हक्कांच्या व वहिवाटींच्या नोंदी उघडाव्याच लागतात. वऱ्हाडात जमीनधारणेची पद्धत रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरण्याची, असल्याने तेथील नोंदी वेगळ्या. हे कागद वाचायला शिकवण्याची जागा या प्रदेशाच्या सार्वजनिक विद्यापीठाचे विधी महाविद्यालय नाही, तर दुसरी कोणती?

मसुदालेखन हा विषय बार कौन्सिलच्या नियमांनुसार अभ्यासक्रमात सक्तीचा आहेच. त्यातले निम्मे मसुदे मराठीत लिहून घ्यावेत, आणि ते तपासण्यासाठी निवृत्त दिवाणी न्यायाधीशांना व तालुक्याला आयुष्यभर वकिली केलेल्या ज्येष्ठांना मानधनावर बोलवावे. यासाठी नवी इमारत लागत नाही आणि नवा विषयही मंजूर करून घ्यावा लागत नाही. विद्यापीठाच्या विधी अभ्यास मंडळाने येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करीत आहे.

आपला,
एक वाचक, नागपूर