आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : सही करण्याआधी परिशिष्टं वाचा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

खासगी भागीदारीतून सरकारी रुग्णालयं उभारण्याचा करार आपल्या टेबलावर सहीसाठी आला आहे. खासगी पैशाचं मला वावडं नाही. सरकारी रुग्णालयाच्या लेखाशाखेत माझी सारी नोकरी झाली. गळक्या छताखाली बादल्या मांडलेला वॉर्ड पाहिलाय. तिजोरीत खडखडाट असतो हेही ठाऊक आहे. म्हणून फक्त बिलांबद्दल लिहितो.

आर्थिक वर्ष सरत आलं की आमच्याकडे बिलांची चळत लागायची. कराराची बिलं सगळ्यात वर, कारण थकली तर दंडव्याज. औषधांची तळाला. मग वॉर्डातल्या सिस्टर नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी द्यायच्या : ‘बाहेरून आणा’. ती रक्कम आमच्या कुठल्याच वहीत चढली नाही.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या लेसोथो या छोट्या देशाच्या राजधानीत, मासेरूत, २०११ साली असंच भागीदारीतलं रुग्णालय सुरू झालं. करार १८ वर्षांचा. उपचार सुधारले, मृत्यूंचं प्रमाण घटलं. हे कबूल करायलाच हवं. पण करारात वर्षाला २०,००० आंतररुग्ण आणि ३,१०,००० बाह्यरुग्णांची मर्यादा होती, त्यापुढे जादा पैसे. (माणसं काय करार वाचून आजारी पडतात?) आरोग्याच्या अंदाजपत्रकातला ५१ टक्के पैसा या एका रुग्णालयात जातो, असा हिशेब ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेने २०१४ मध्ये मांडला. जागतिक बँकेला तो आकडा मान्य नव्हता. वाद आकड्याचा असेल, पण २०२१ मध्ये पगारवाढीसाठी संपावर गेलेल्या परिचारिकांना रुग्णालय चालवणाऱ्या कंपनीने कामावरून काढलं आणि सरकारने करारच मोडला.

केनियाने २०१५ मध्ये रुग्णालयांसाठी वैद्यकीय यंत्रं भाड्याने घेतली. कित्येक ठिकाणी ती चालवायला माणूस नव्हता, कुठे वीजच पुरेशी नव्हती. भाडं मात्र चालू.

आपल्या करारात रुग्णसंख्येची मर्यादा किती? दरवर्षीची दरवाढ कशाशी बांधलीय, आणि कंपनीची कमाई परकीय चलनात मोजायची असेल तर चलन घसरल्याचा भुर्दंड कुणाच्या माथी? मुदतीआधी मोडला तर देणं किती? याची उत्तरं मुख्य करारात क्वचितच सापडतात, ती मागच्या परिशिष्टांत असतात. आणि नेमकी तीच ‘व्यावसायिक गोपनीयता’ म्हणून झाकली जातात.

तेव्हा परिशिष्टांसकट करार आधी जाहीर करा, सही नंतर. औषधांची तरतूद कराराच्या देण्यांसाठी वळवता येणार नाही, असं कलम त्यात घाला. बाकी आकडेमोड मी घरी बसून करून देतो. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो.

आपला,
एक निवृत्त लेखापाल