इटलीच्या वाहतूकमंत्र्यांना खुलं पत्र: सायकलपटू रेबेलिनने तीस वर्षं जिथे काम केलं तो रस्ता तुमच्या खात्यात येतो

मंत्रीमहोदय,

हे पत्र खरंतर क्रीडामंत्र्यांना लिहायला हवं असं कुणीही म्हणेल, पण मी मुद्दाम तुम्हाला लिहितोय, कारण फुटबॉलवाला मैदानात सराव करतो, पोहणारा तलावात, आणि रोड रेसर मात्र वर्षाला तीस-तीस हजार किलोमीटर सायकल चालवतो, त्यातले साधारण एक तृतीयांश रेसमध्ये, म्हणजे रस्ता बंद, पुढे-मागे गाड्या, पोलीस बंदोबस्त, आणि उरलेले सगळे उघड्या रस्त्यावर ट्रक आणि व्हॅनच्या शेजारून, बऱ्याचदा एकट्याने. म्हणजे त्याचं कामाचं ठिकाण तुमच्या खात्यात येतं.

दाविदे रेबेलिन तुम्हाला माहीत असेलच. तरी सांगतो, कारण तो गेल्यावर एक-दोन दिवस बातम्या आल्या आणि त्यात फक्त "माजी सायकलपटू" एवढंच राहिलं.

१९७१ चा जन्म, वेरोना भागातला. १९९२ मध्ये प्रो, म्हणजे व्यावसायिक रेसर झाला. १९९६ च्या जिरोत, म्हणजे इटलीच्या तीन आठवड्यांच्या मोठ्या रेसमध्ये, एका दिवसाचा टप्पा जिंकून काही दिवस आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी घातली. पण तो मुळात एक दिवसाच्या रेसचा माणूस, त्यातही बेल्जियमकडच्या आर्देनच्या टेकड्यांवरच्या रेसचा. २००४ च्या एप्रिलमध्ये एका रविवारी अ‍ॅमस्टेल गोल्ड, बुधवारी फ्लेश वालोन आणि पुढच्या रविवारी लिएज-बास्तोन-लिएज, तिन्ही त्याने जिंकल्या. त्याआधी एकाच वर्षात या तिन्ही कुणालाच जमल्या नव्हत्या. फ्लेश वालोन तर तीन वेळा, २००४, २००७, २००९. ज्यांनी ती रेस बघितलीय त्यांना माहितीये की शेवटी 'मूर द ह्युई' नावाची भिंत आहे, सव्वा किलोमीटरच्या आसपास, आणि मधल्या वळणावर चढ वीस टक्क्यांच्याही वर जातो, तिथे ज्याचा धीर सुटतो आणि जो लवकर जोर लावतो तो शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जागेवरच थांबल्यासारखा होतो. रेबेलिन घाई करायचा नाही. बाकीचे उठून पेडल मारत पुढे जायचे आणि हा बसून, चेहरा न हलवता, वाट बघायचा. मी तो चढ परत परत बघितलाय आणि दरवेळी वाटतं की एवढा संयम एका दिवसात येत नाही, त्याला वर्षं द्यावी लागतात.

त्याच्यावर डाग आहे, तो मी लपवणार नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकचं रौप्य डोपिंगमुळे काढून घेतलं गेलं, दोन वर्षांची बंदी आली. नंतर इटलीतल्या फौजदारी कोर्टात तो निर्दोष सुटला, पण पदक काही परत मिळालं नाही आणि मोठ्या टीमचे दरवाजेही उघडले नाहीत. त्याच्याबद्दल ज्याला जे मत ठेवायचं ते ठेवू दे. मला एवढंच दिसतं की त्या वयात, तसं नाव झालेलं असताना, बहुतेक माणसं सायकल भिंतीला लावतात, आणि हा छोट्या छोट्या टीमकडून, कमी नावाच्या रेसमध्ये, मुलं शोभतील अशा वयाच्या पोरांबरोबर पुढची अकरा वर्षं धावत राहिला. पन्नाशीत रेसमध्ये पडून पाय मोडला, २०२१ मध्ये. तिथेच संपलं असं सगळ्यांना वाटलं. तो बरा होऊन परत आला, कारण त्याला शेवट हॉस्पिटलच्या पलंगावर नको होता, सायकलवर हवा होता.

आणि तसा तो झालाही. १६ ऑक्टोबर २०२२, वेनेतो क्लासिक ही रेस, स्वतःच्याच प्रांतात, वय ५१. रेस पूर्ण केली.

त्यानंतर ४५ दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, मोंतेबेल्लो विचेंतिनोजवळ तो नेहमीसारखा सायकलवर निघाला होता आणि ट्रकने त्याला चिरडलं. ड्रायव्हर निघून गेला, नंतर जर्मनीत पकडला गेला. तीस वर्षं घाटातले उतार, पावसातले दगडी रस्ते, दोनशे जणांच्या घोळक्यातली धक्काबुक्की, हे सगळं त्याने सोसलं, आणि रोजच्या रस्त्यावर गेला.

हे एकदाच घडलं असतं तर मी लिहिलं नसतं. मिकेले स्कार्पोनी, हाही इटलीचा रेसर, २२ एप्रिल २०१७, वय ३७, आदल्याच दिवशी टूर ऑफ द आल्प्स ही रेस संपवून घरी आलेला, सकाळी आपल्याच गावाच्या, फिलोत्रानोच्या, चौकात व्हॅनने उडवलं. सराव करताना खांद्यावर येऊन बसणाऱ्या पोपटाबरोबरचे त्याचे व्हिडिओ लोक आजही बघतात. आणि सारा पिफर, तरुण रेसर, जानेवारी २०२५, त्रेंतिनोमध्ये भावाबरोबर सराव करत होती, ओव्हरटेक करणाऱ्या गाडीने धडक दिली. वय १९. तिचं करिअर तर अजून सुरूच व्हायचं होतं.

सारा गेली तेव्हा तुमचा नवा कायदा लागू होऊन दीड महिनाही झाला नव्हता. डिसेंबर २०२४ पासून सायकलवाल्याला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर ठेवायचं, हे तुम्ही कायद्यात आणलंत, त्याबद्दल मनापासून आभार, वर्षानुवर्षांची मागणी होती. पण त्यात तुम्ही एक ओळ घातलीत, रस्त्याची परिस्थिती तशी असेल तर. साहेब, रुंद, मोकळ्या रस्त्यावर गाडीवाला तसाही लांबूनच जातो. दीड मीटरची गरज नेमकी तिथे आहे जिथे रस्ता अरुंद आहे, वळण आहे, समोरून गाडी येतेय, आणि तिथेच तुमचा कायदा म्हणतो की जमलं तर बघा. जागा नसेल तर मागे थांबायचं, अर्धा मिनिट, हे कायद्यात स्पष्ट लिहा. स्पेनमध्ये दीड मीटर बंधनकारक आहे आणि एका दिशेला दोन लेन असतील तर पूर्ण लेन सोडूनच जावं लागतं. फ्रान्समध्ये शहराबाहेर दीड मीटर, शहरात एक. तिथलेही डोंगररस्ते अरुंदच आहेत.

आणि मला हेही माहितीये की दीड मीटरने स्कार्पोनी वाचला नसता, तो चौकात गेला, आणि रेबेलिनचाही तो ओव्हरटेकचा प्रश्न नव्हता. म्हणून दुसरी गोष्ट ट्रकची. युरोपियन युनियनच्या नियमाने जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या ट्रकला बाजूचा सायकलवाला ओळखून ड्रायव्हरला सावध करणारी यंत्रणा सक्तीची झालीय, पण रस्त्यावर धावणारे जुने ट्रक अजून कितीतरी वर्षं तसेच चालणार. मिलान शहराने स्वतःपुरता नियम केला तर तो कोर्टात ओढला गेला. हे काम एकेका शहराचं नाहीच, ते तुमचं आहे, जुन्या ट्रकवर सेन्सर बसवायची देशभर एक मुदत ठरवा आणि त्यासाठी मालकांना पैशाची मदत लागत असेल तर तीही द्या.

स्कार्पोनीच्या भावाने त्याच्या नावाने संस्था काढलीय, ती शाळाशाळांत जाऊन रस्त्यावर कसं वागायचं ते शिकवते. त्या माणसाला एकदा ऑफिसात बोलवा, कायद्यातली ती ओळ समोर ठेवा आणि ती का राहावी ते त्याला समजावून सांगा. नाही सांगता आलं तर ती ओळ काढा.

आपला,
रोड रेसिंग बघणारा एक साधा माणूस