डोक्यातलं ते काळं

प्रिय आई,

काल फोनवर तुझा आवाज एवढा पडला होता की रात्रभर तेच डोक्यात, म्हणून सविस्तर लिहितेय. मी पाठवलेल्या सोनोग्राफीच्या फोटोत बाळाच्या डोक्यात काळं दिसतंय आणि काकू म्हणाली पाणी झालंय. अगं पाणीच आहे ते, पण तुझ्यामाझ्या मेंदूतही असतं! मेंदूच्या आत पोकळ्या असतात, सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं आणि हाड पांढरं, म्हणून तर कवटीचं ते पांढरं कडं. पोकळीची रुंदी 10 मिमीच्या आत हवी, आपली 6 आहे. आत कापसासारखा पुंजका दिसतोय ना, तोच ते पाणी बनवतो.

खरं सांगू, मीही टरकले होते. स्क्रीनवर डोक्याचा खालचा अर्धा भाग स्वच्छ आणि वरचा नुसतं धुकं, मला वाटलं अर्धा मेंदूच नाही की काय. मग त्या तपासणाऱ्या बाई म्हणाल्या की पोटावर फिरवतात त्या प्रोबच्या जवळच्या हाडावर आवाजाच्या लहरी आपटून परत येत राहतात, त्यामुळे ती बाजू धूसरच येते, सगळ्यांचीच. मग मागचा छोटा मेंदू दाखवला, अगदी डमरू गं! 20 मिमी रुंद, आणि गंमत म्हणजे या दिवसांत जितके आठवडे साधारण तितकेच मिमी, मला 20 झालेत. डोक्याचा घेर 175 मिमी. बाळ तोंड फिरवेना म्हणून मला मधेच उठवून कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं ते वेगळंच.

बाबांना सांग, त्यांच्या कारखान्यातल्या बॉयलरशी या सोनोग्राफीचं नातं आहे. इथे ग्लासगोत इयान डोनाल्ड नावाचे डॉक्टर होते, त्यांनी 1955 मध्ये बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात जाऊन, अशाच लहरींनी धातूतली भेग शोधायच्या मशीनवर ऑपरेशनमधे काढलेल्या गाठी तपासल्या, आणि 1958 मध्ये पोटातल्या बाळाची चित्रं छापून आली.

मुलगा की मुलगी ते इथे विचारलं तर सांगतात. पण 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा बोर्ड बघत मोठी झालेय, जीभच उचलली नाही.

फोटो अजून दोन पाठवतेय, पायाचा मस्त आलाय. फक्त फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस, काकू पायातही काहीतरी शोधेल.

तुझी,
सोनू