गोल्डन ॲरो पाहिली

साउदम्प्टन

तीर्थरूप अण्णांस साष्टांग नमस्कार.

आईनं पाठवलेले लाडू पोचले, निम्मे संपलेही.

रविवारी इथून जवळच ब्यूलीच्या मोटार म्युझियममध्ये ‘गोल्डन ॲरो’ ही विक्रमी वेगाची गाडी पाहिली. तुम्ही असतात तर दोरी ओलांडून बॉनेटखाली डोकं घातलं असतंत! नेपियरचं विमानाचं बारा सिलिंडरचं इंजिन, नऊशेच्या वर अश्वशक्ती. ते थंड ठेवायला चक्क बर्फाच्या पेट्या. गाडी रेषेत राहावी म्हणून बॉनेटवर बंदुकीवर असते तशी नेम धरायची दुर्बीण. ११ मार्च १९२९ रोजी अमेरिकेत डेटोनाच्या वाळूवर हेन्री सेग्रेव्हनं ती ताशी २३१.४५ मैलांनी, म्हणजे ३७२ किलोमीटरनी पळवली आणि जमिनीवरच्या वेगाचा जागतिक विक्रम केला. आणि अण्णा, ही गाडी सगळ्या जन्मात चाळीस मैलही धावलेली नाही. सांगली-कोल्हापूर जाऊन येण्याइतकंसुद्धा नाही!

तो विक्रम मोडायला दोनच दिवसांनी ली बाइबल नावाचा माणूस उतरला. मूळचा गॅरेजवाला, असल्या वेगाचा अनुभव नाही, आणि हाताखाली तीन विमान-इंजिनांचं धूड. गाडी उलटली, तो गेला, सोबत एक कॅमेरावालाही. मला राग येतो तो त्याला त्या सीटवर बसवणाऱ्यांचा. तुमच्या डेपोत नवख्याला घाटातली गाडी तरी दिली असती का कुणी?

सेग्रेव्हनं त्यानंतर जमिनीवरचे विक्रम सोडले. वेग मात्र सुटला नाही, तो बोटीकडे वळला. १३ जून १९३० ला विंडरमियर तलावात ‘मिस इंग्लंड २’नं ताशी ९८.७६ मैल गाठून पाण्यावरचा विक्रमही केला. जमीन आणि पाणी, दोन्ही विक्रम एकाच वेळी नावावर असलेला तो पहिलाच. तिथं थांबला असता तर! पण पुन्हा बोट काढली आणि ती उलटली; बहुधा तरंगता ओंडका लागला असावा. रोल्स-रॉइसचा इंजिनिअर हॅलिवेल गेला, सेग्रेव्हही काही तासांत. वय अवघं तेहतीस. तिसरा सोबती विलकॉक्स तेवढा वाचला.

एक विचारायचंय. १९२७ साली ज्या सनबीम गाडीनं सेग्रेव्हनं प्रथमच ताशी दोनशे मैल ओलांडले, तिच्यात एक इंजिन चालकाच्या पुढे, एक मागे, आणि मागच्या चाकांना जोर साखळ्यांनी. एवढ्या वेगाला साखळी टिकली कशी? रविवारी फोन करतो, तेव्हा सांगा.

आईला नमस्कार.

आपला,
सुहास