लेकरे सांभाळणारीचा रोज

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की आमच्या दारव्हा तालुक्यात सोयाबीनची सोंगणी सुरू होते, तिच्या पाठोपाठ कापसाची वेचणी येते, आणि वेचायला बाया मिळत नाहीत ही तक्रारही त्याच सुमारास दरवर्षी ऐकू येते. त्या का मिळत नाहीत याचे एक कारण मात्र फारसे कुणी बोलत नाही. ज्या वयाच्या बायांचा हात वेचणीला चालतो, त्याच वयाच्या बायांच्या कडेवर लेकरू असते, आणि ते ठेवायला गावात जागा नसते. सासू घरी असेल म्हणावे, तर हंगामात तीही ओटी बांधून वावरात गेलेली असते. अंगणवाडीचा वर्ग तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, तोही काही तासांचा. तीन वर्षांखालच्या लेकराच्या वाट्याला तिथून घरी न्यायचा आहार येतो, सांभाळ येत नाही. मग धुऱ्यावरच्या निंबाला झोळी बांधली जाते, आणि शेजारच्या वावरात फवारणी चालू असली तरी ती झोळी तिथेच असते. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते याच यवतमाळ जिल्ह्यात.

हे मी लांबून पाहून लिहीत नाही. माझी सून परिचारिका आहे. गेल्या हंगामात तिची जुळी चौदा महिन्यांची होती आणि माझ्या धाकट्या मुलाची मुलगी अडीच वर्षांची. मी शाळेतून निवृत्त झालेली, गुडघ्यांनी थकलेली. तीन लेकरांमागे एकटीने धावणे मला जमेना, म्हणून बाई शोधू लागलो. पहिला सल्ला आला तो नात्यातल्याच एका सुशिक्षित गृहस्थांचा: मेळघाटातली एखादी अकरा-बारा वर्षांची पोरगी आणा, खाऊन-पिऊन राहील, फार पैसेही लागणार नाहीत. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यावर २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती सर्वच कामांना लागू झाली, हे त्यांना ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. ज्या वयाच्या मुली पटावर टिकाव्यात म्हणून मी घरोघर फिरले, त्याच वयाची मुलगी माझ्या अंगणात झोळी हलवत बसवायची, ही कल्पनाही मला सहन झाली नाही.

अखेर चार घरांनी मिळून पन्नाशीची एक बाई ठरवली. त्या तोवर वेचणीलाच जात असत. सगळी लेकरे त्यांना मावशी म्हणू लागली. आमची तीन आणि इतर घरांची तीन, अशी सहा लेकरे आमच्या पडवीत. ठरवताना एका घराने पहिला प्रश्न विचारला तो मावशींच्या जातीचा. मला विचारावासा वाटला तो खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा, कारण खर्ऱ्याची पन्नी रांगत्या लेकराच्या हाती लागायला वेळ लागत नाही. त्या खात नव्हत्या. दुसरा प्रश्न दीर्घ खोकल्याचा होता, आणि तोही संकोच न करता विचारला पाहिजे.

मावशींचे काम मी रोज पाहिले. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, मांडीवर एक लेकरू, हातात वरण-भाताची वाटी, आणि नजर दाराच्या आडव्या फळीकडे, कारण जुळ्यांपैकी थोरला ती ओलांडायला शिकला होता. याला आपल्याकडे 'नुसते बसून राहणे' म्हणतात! मजुरीवरून वाद झाला तो या समजुतीतूनच. ज्या दिवशी आमचे लेकरू आले नाही, त्या दिवसाचे पैसे का द्यायचे, असे एका घराने विचारले. प्रश्न वरवर रास्त वाटतो. पण मावशींनी आमच्यासाठी अख्ख्या हंगामाची वेचणी सोडली होती, आणि एक लेकरू कमी आले म्हणून त्यांना त्या दिवशी वावरात जाता येत नव्हते. शेवटी वेचणाऱ्या बाईच्या पूर्ण रोजाइतका रोज धरून महिन्याचा आकडा ठरला, आणि लेकरू येवो न येवो, प्रत्येक घराने आपला वाटा द्यायचा असे ठरले.

यात नवीन काही नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी, अशी तरतूद केली होती. म्हणजे लेकरे सांभाळणे हीही मजुरीच, हे सरकारी कागदाने मान्य केले; आमच्या वावरांनी अजून केलेले नाही. केंद्राच्या 'पाळणा' योजनेतली पाळणाघरे महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास चालवायची असतात. वेचणीचा दिवस त्याहून मोठा असतो, तरीही कापसाच्या पट्ट्यातल्या गावांना ती मिळाली तर पुष्कळ होईल. तोवर ग्रामपंचायतींनी हंगामापुरती समाजमंदिराची एक खोली उघडून द्यावी आणि सांभाळणाऱ्या बाईच्या रोजात शेतमालकांनीही वाटा उचलावा, कारण वेचणी वेळेवर झाल्याचा फायदा त्यांनाच आहे. हा विषय हंगामाआधीच्या ग्रामसभेत यावा, अशी माझी विनंती आहे.

एका बाईकडे किती लेकरे द्यायची, हेही तिथेच ठरावे. लहान मुलांच्या संगोपन व शिक्षणाच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी, असे प्रमाण आहे. ते ज्यांनी ठरवले, त्यांनी एक सकाळ आमच्या पडवीत काढावी. गेल्या डिसेंबरात शेजाऱ्यांनी एका दिवसापुरती म्हणून आणखी दोन लेकरे आणून सोडली. मावशी एकाला धूत होत्या, तेवढ्यात दुसऱ्याने तुरीचा दाणा नाकात घातला. डॉक्टरांनी तो काढला आणि निभावले. पण गावभर बोल लागला तो मावशींना, दोन लेकरे जास्तीची आणणाऱ्यांना नाही.

यंदा त्यांनी आधीच सांगून टाकले आहे की सातवे लेकरू आणायचे असेल तर सोबत दुसरी बाई आणा आणि तिलाही माझ्याइतकाच रोज द्या. चारही घरांनी ते कबूल केले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ