व्हायरल लोडचा अहवाल वेळेत हाती यायला हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एचआयव्हीच्या उपचारांची चर्चा आपल्याकडे होते ती बहुतेक वेळा औषधे मिळतात की नाही एवढ्यापुरतीच. तो प्रश्न महत्त्वाचा आहेच. २०२२ साली औषधांच्या तुटवड्यामुळे एचआयव्हीसह जगणाऱ्यांना दिल्लीत नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यालयासमोर आंदोलनाला बसावे लागले होते. परंतु सुरू केलेले औषध शरीरात काम करते आहे की नाही हे कशावरून ओळखायचे, आणि करत नसेल तर ते केव्हा बदलायचे, हा प्रश्नही तितकाच जीवनमरणाचा आहे. एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात अनेक वर्षे समुपदेशनाचे काम केल्यामुळे त्याविषयी, म्हणजेच रक्तातील विषाणूंची संख्या मोजणाऱ्या व्हायरल लोड तपासणीविषयी, लिहिणे मला कर्तव्य वाटते.

देशात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, तेव्हा रुग्णाची प्रगती वजन, नव्याने होणारे संसर्ग आणि सहा महिन्यांनी केलेली सीडी-४ (रोगप्रतिकारक पेशींची) तपासणी यांवरून जोखली जाई. प्रयोगशाळा तयार होईपर्यंत औषधे रोखून धरली नाहीत, हे योग्यच झाले. युगांडा व झिम्बाब्वे येथील ३,३१६ रुग्णांच्या ‘डार्ट’ अभ्यासात नियमित प्रयोगशाळा तपासण्या झालेल्यांपैकी ९० टक्के, तर केवळ लक्षणांवरून देखरेख ठेवलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. म्हणजे तपासणीची सोय नाही म्हणून उपचार नाकारण्याला कोणताही आधार नव्हता. मात्र तीन टक्क्यांचा तो फरकही माणसांचाच होता आणि उपचार जसे लांबत गेले तसा तो दिसू लागला. त्याचे कारण असे की, औषध निष्प्रभ ठरू लागले की आधी रक्तातील विषाणू वाढतात आणि सीडी-४ पेशी त्यानंतर काही महिन्यांनी घटतात. दरम्यान विषाणू औषधाला दाद न देण्याची क्षमता कमावत राहतो. उलटपक्षी, सीडी-४ कमी दिसले म्हणून विषाणू पूर्ण आटोक्यात असलेल्या रुग्णाचेही औषध विनाकारण बदलले जाऊ शकते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये व्हायरल लोड तपासणीला पसंती दिली आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती २०१८ पासून सर्वांसाठी नियमित झाली.

अडचण यापुढची आहे. रक्त घ्यायचे, ठरलेल्या वेळेत त्यातील प्लाझ्मा वेगळा करायचा, तो थंड ठेवून दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचवायचा आणि अहवालाची वाट पाहायची, असा हा प्रवास असतो. विषाणूंची संख्या मिलिलिटरमागे १,००० पेक्षा जास्त आली, तर समुपदेशन करून सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी आणि तरीही ती जास्तच राहिली तर औषध बदलण्याचा विचार करावा, असा साधारण नियम आहे. आता दोन्ही अहवालांना प्रत्येकी दीड-दोन महिने लागले, तर निर्णय होईपर्यंत अर्धे वर्ष सरते. बीडसारख्या जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतो तो उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततो. अहवाल केंद्रात येऊन पडलेला असतो आणि ज्याचा तो आहे तो माणूस कारखान्याच्या फडावर असतो.

औषध बदलण्याची घाईही तितकीच घातक आहे, हे मला आग्रहाने सांगायचे आहे. सध्याच्या डोल्युटेग्रॅव्हिरयुक्त गोळीविरुद्ध विषाणूला सहजासहजी प्रतिकारक्षमता कमावता येत नाही, त्यामुळे वाढलेल्या आकड्यामागे पुष्कळदा गोळ्या चुकणे हेच कारण असते. घरच्यांपासून आजार लपवावा लागणे, दारू, नैराश्य, प्रवास, असे काहीही त्याच्या मुळाशी असू शकते आणि ते शांतपणे विचारल्याशिवाय कळत नाही. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन सुरू झाले असेल, तर डोल्युटेग्रॅव्हिरची मात्रा दिवसातून दोनदा द्यावी लागते; लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या किंवा आम्लपित्ताची काही औषधे त्याच वेळी घेतली तर ते नीट शोषले जात नाही. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे लागते. एवढी विचारपूस न करता सेकंड लाइनवर (दुसऱ्या टप्प्यातील औषधांवर) नेलेल्या रुग्णाच्या हाती अधिक गोळ्या, अधिक त्रास आणि पुढे कमी पर्याय उरतात. तथापि, हे औषध अभेद्य आहे असेही कोणी समजू नये. त्याला दाद न देणाऱ्या विषाणूंचे प्रमाण काही देशांत अपेक्षेपेक्षा जास्त आढळल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये नोंदवले आहे.

क्षयरोगाच्या निदानासाठी अनेक सरकारी रुग्णालयांत सीबीनॅट यंत्रे बसवलेली आहेत. वेगळी कार्ट्रिज वापरून त्याच यंत्रावर एचआयव्हीचा व्हायरल लोड दीड-दोन तासांत मोजता येतो. दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे दवाखान्यातच तपासणी करून त्याच दिवशी अहवाल देण्याचा प्रयोग झाला, तेव्हा विषाणू आटोक्यात असलेल्या आणि उपचारात टिकून राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीतील सुमारे ७६ टक्क्यांच्या तुलनेत ९० टक्के आढळले. कार्ट्रिजचा खर्च आणि क्षयरोगाच्या नमुन्यांचा भार या अडचणी खऱ्या आहेत, म्हणून सर्वांसाठी नसली तरी गरोदर स्त्रिया, लहान मुले, स्थलांतरित कामगार आणि पहिला अहवाल वाढीव आलेले रुग्ण यांच्यासाठी ही सोय आधी करावी. जिथे ती शक्य नाही, तिथे थंड ठेवावे लागणाऱ्या प्लाझ्माऐवजी कागदावर वाळवलेले रक्ताचे ठिपके पाठवण्याचा मार्ग तपासून पाहावा.

एचआयव्हीबाधितांची सर्वाधिक संख्या असलेल्या आपल्या राज्यात, नमुना घेतल्यापासून अहवाल रुग्णाच्या हाती पडेपर्यंत आणि वाढीव अहवालानंतर प्रत्यक्ष निर्णय होईपर्यंत किती दिवस लागतात, याची जिल्हानिहाय आकडेवारी राज्य एड्स नियंत्रण संस्थेने दर तिमाहीला जाहीर करावी. रुग्णाला फोनवरून कळवताना मात्र तो फोन घरात कोणाच्या हातात असतो हे आधी विचारून घ्यावे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. समुपदेशकांची रिक्त पदेही याच कामाचा भाग म्हणून भरावीत, कारण वाढलेल्या आकड्याचे कारण यंत्र सांगत नाही, ते रुग्णाशी बोलूनच समजते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त एआरटी समुपदेशक, मराठवाडा