व्योममित्राला पाय का नाहीत?

ती. बाबा आणि आई,
सा. न.

तलावपाळीच्या कट्ट्यावर व्योममित्रा या ‘इस्रो’च्या माणसासारख्या रोबोवरून वाद झाला म्हणे. बिनपायांची बाहुली वर पाठवून काय साधणार, असं तुमच्या मंडळींचं म्हणणं. बाबा, पाय दिले नाहीत हेच बरं केलं.

‘इस्रो’ने ती जानेवारी २०२० मध्ये दाखवली. अंतराळात माणसं नेण्याच्या गगनयान मोहिमेच्या मानवरहित उड्डाणात तिने आसनावर बसून पॅनेल हाताळायचं, यानातल्या स्थितीवर नजर ठेवायची आणि काही बिघडलं तर कळवायचं. बसून करायच्या कामात पाय म्हणजे नुसतं ओझं.

तसंही वर चालणं नसतंच. पंचाईत होते ती टेकू घेण्याची. तरंगत असताना बटण दाबलं की तेवढ्याच जोराने आपण मागे ढकलले जातो. म्हणून अंतराळवीर आधी पाय कशात तरी अडकवतात, मग हात चालवतात. नासा आणि जनरल मोटर्सचा ‘रोबोनॉट २’ हा रोबो फेब्रुवारी २०११ मध्ये ‘डिस्कव्हरी’ यानातून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेला, तोही कमरेपर्यंतच, वजन सुमारे १५० किलो. त्याला एका खांबावर पक्का बसवला होता. कामं साधीच: सरावाच्या फळीवरचे स्विच, कठडे पुसणं, हवेच्या झोताचा वेग मोजणं. हे शेवटचं त्याला छान जमायचं, कारण हात थरथरत नाही आणि मीटरसमोर श्वासाचा झोतही येत नाही. आई, त्याचा मेंदू, म्हणजे संगणक, पोटात होता! डोकं कॅमेऱ्यांनीच भरलेलं, त्यातला एक तर तोंडाच्या जागी.

२०१४ मध्ये त्याला पाय पाठवले. प्रत्येकी सात सांधे, आणि पावलाऐवजी कठडा धरणारा पंजा. दोन्ही पाय फाकले तर पसारा पावणेतीन मीटरच्या आसपास. कल्पना उत्तम, पण ते जोडल्यानंतर दुखणं सुरू झालं. कधी चालू व्हायचा, कधी संगणक मध्येच बंद पडायचे. बाबा, वागळे इस्टेटमध्ये तुम्ही पॅनेलच्या वायरिंगमध्ये आयुष्य काढलंत, तुम्हाला या दुखण्याचं कारण लगेच कळेल: करंटला परतीची नीट वायरच नव्हती. तो मिळेल त्या वाटेने परतत राहिला आणि बिघाड वाढत गेला. कायमचा बिघाड लवकर सापडतो. येऊन-जाऊन असणारा माणसाला रडवतो. त्यात दुरुस्ती करणार कोण, तर ज्यांचा वेळ वाचवायला तो नेला तेच अंतराळवीर. शेवटी २०१८ मध्ये त्याला खाली आणलं.

रशियाचा ‘फेदोर’ रोबो ऑगस्ट २०१९ मध्ये सोयूझ यानाच्या आसनावर बसून गेला आणि सप्टेंबरमध्ये परतला. त्याला पाय होते, पण तिथे ते अडगळच ठरले.

मग माणसासारखा आकार कशाला? कारण स्विच, कठडे, अवजारं सगळी माणसाच्या हाताच्या मापाची. यंत्रासाठी वेगळी करायची तर पुन्हा वजन वाढणार. म्हणून हात लागतातच. माझ्या मते पायांचा विचार नंतर, आधी वायरिंग.

आई, तू विचारलंस ते: नाही, व्योममित्रा श्वास घेत नाही. त्यामुळे माणसं आत बसल्यावर ऑक्सिजन किती लागेल, हे तिच्या असण्यावरून कळणार नाही. पण वर जाताना आणि उतरताना बसणाऱ्या हादऱ्यांत तिचा हात नेमक्या स्विचवर पोचतो का, हे नक्की कळेल. बाबा, उड्डाणाची बातमी आली की कट्ट्यावर तेवढंच विचारा.

तुमचा,
मिलिंद